दोन फुटी रीफ टँक: कॅनिस्टर पुरेल की खाली सम्प बांधू?

ओली_चप्पल (डोंबिवली पूर्व)

नमस्कार मंडळी. सहा वर्षं गोड्या पाण्याचा प्लांटेड टँक सांभाळलाय, आता खारं पाणी, म्हणजे प्रवाळांचा रीफ टँक करायचं डोक्यात बसलंय. टँक करून आणला, अजून कोरडाच आहे. चूक व्हायच्या आधी विचारतो.

माप ६० × ३८ × ३८ सेंमी, ८ मिमी काच, स्टेशनजवळच्या काचवाल्याने चिकटवलेला. साधी काच आहे, टफन्ड नाही, हे त्याला दोनदा विचारून घेतलं. खाली लाकडी कॅबिनेट, आतून ५६ × ३३ सेंमी आणि उंची ६५. ठेवायचंय काय, तर दोन क्लाउनफिश, थोडे झोअँथिड, मशरूम (दोन्ही सांगाडा नसलेली प्रवाळं) आणि जमलं तर एखादा हॅमर कोरल.

दुकानदाराने कॅनिस्टर फिल्टर (बंद डब्यातून पाणी फिरवणारा) गळ्यात मारलाय. आत बायोबॉल (जिवाणू वसायला प्लास्टिकचे गोळे) आणि सिरॅमिक रिंगा भरून दिल्या, म्हणाला, "बस झालं, आता वर्षभर उघडू नका." नेटवर वाचायला बसलो तर सम्प (टँकखाली ठेवायची दुसरी टाकी), स्किमर, रिफ्युजियम, रिअ‍ॅक्टर, म्हणजे माशांपेक्षा कारखानाच मोठा.

अडचणी अशा: तिसरा मजला. खालच्या आजोबांनी गेल्याच दिवाळीत पीओपी केलंय. शुक्रवारी हमखास तीन-चार तास लाइट जाते. बायकोच्या तीन अटी: सिरियल चालू असताना गुरगुर नको, वास नको, फरशी ओली नको. पाणी स्वयंपाकघरातल्या आरओचं वापरीन म्हणतोय, टीडीएस (विरघळलेले क्षार) ४२ दाखवतो.

कॅनिस्टरवर भागेल का? नसेल तर एवढ्याशा टँकला खरंच काय लागतं?

निवृत्त_फिटर (अंबरनाथ)

अटी छान आहेत. तिसरीवरूनच सुरुवात करू, कारण सगळं डिझाइन तिच्यावरच होतं.

एकतीस वर्षं केमिकल कंपनीत पंप आणि पाइप केले. घरची पहिली रीफ टाकी लावली तेव्हा वाटलं, आपल्याला कोण शिकवणार. सम्पमध्ये पाणी वरून आपोआप उतरतं आणि पंप ते रिटर्नच्या पाइपने परत वर देतो. त्या रिटर्नचं तोंड पाण्यात दहा सेंमी खाली ठेवलं, लाइनमध्ये चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) टाकला आणि झोपलो. रात्री लाइट गेली. पंप थांबला की त्याच पाइपमधून टाकीतलं पाणी उलटं खाली यायला लागतं, सायफन होतो, हे मला काय माहीत नव्हतं? पण चेक व्हॉल्व्हच्या फ्लॅपखाली एक बोटाच्या पेराएवढी गोगलगाय अडकली होती. सकाळी अकरा-बारा लिटर खारं पाणी हॉलमध्ये. खाऱ्या पाण्यात चेक व्हॉल्व्हवर विसंबू नये. त्यावर मीठ आणि कोरलाइन (दगडासारखं कडक शेवाळं) चढतं, तो आज ना उद्या फसतोच.

म्हणून आधी कागद घ्या. काच आतून मोजा: ५८.४ × ३६.४. म्हणजे टाकीत पाणी १ सेंमी उतरलं की २.१ लिटर खाली आलं. सम्प ४५ × २५ × ३० सेंमीचा करा, ५ मिमी काच. त्यात १ सेंमी म्हणजे साधारण १ लिटर. चालू असताना सम्पची पातळी १८ सेंमी ठेवलीत तर वर १२ लिटरला जागा उरते. स्किमरचं धूड वजा करून ११ धरा.

आता लाइट गेली असं समजा. रिटर्नचं तोंड पृष्ठभागाखाली २ सेंमी असेल तर टाकीतून सव्वाचार लिटर, ओव्हरफ्लोच्या (जिथून पाणी खाली उतरतं त्या) पेटीतलं आणि पाइपातलं मिळून आणखी दोन. सहा-सव्वासहा. सम्प खुशाल पचवतो. तेच तोंड ८ सेंमी खाली ठेवलंत तर एकोणीस लिटर, आणि आजोबांचं पीओपी गेलं. रिटर्नच्या पाइपला पाण्याखाली अर्ध्या सेंमीवर ३ मिमीचं भोक पाडा, पातळी उतरली की तिथून हवा शिरून सायफन तुटतो. भोक शेवाळ्याने बुजतं, दर रविवारी टूथपिक घाला.

दुसरा अपघात उलटा. खाली येणारा पाइप तुंबला आणि पंप चालूच राहिला तर? तेव्हा रिटर्नच्या कप्प्यात आहे तेवढंच पाणी वर जाईल. म्हणून तो कप्पा १२ सेंमीच रुंद करा, त्यात पाच लिटर मावतं. आणि टाकी काठोकाठ न भरता वर ३ सेंमी सोडा, तिथे सहा लिटर मावतं. पंप कोरडा पडेल, आवाज करेल, पण फरशी कोरडी राहील. ही दोन्ही गणितं जमली की मग स्किमर कुठला, मीठ कुठलं, त्यावर गप्पा मारू.

राहिला कॅनिस्टर. रीफमध्ये फिल्टर म्हणजे दगड. सच्छिद्र दगडाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करतात. दगडाच्या आतल्या, ऑक्सिजन पोचत नाही अशा पोकळ्यांत दुसरे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. बायोबॉलला आत पोकळ्या नाहीत. त्याचं काम नायट्रेटवर येऊन थांबतं आणि वर त्यात घाण साचते ती वेगळीच. वर्षभर उघडायचा नाही म्हणजे तुम्ही घरात नायट्रेटचा कारखाना चालवणार. शिवाय तुमचा शुक्रवार. डबा बंद, प्रवाह बंद, आतल्या जिवाणूंनी उरलासुरला ऑक्सिजन संपवला की ते मरायला लागतात. लाइट आली की तो कुजका काढा एकदम टाकीत. फेकू नका, रिकामा करून ठेवा. पाण्याला पिवळट झाक आली की त्यात कार्बन भरून चार दिवस चालवायला बरा.

दगड आठ-नऊ किलो पुरेत. त्यावर एक छोटा स्किमर. डाळ उकळताना वर फेस येतो, आपण तो पळीने काढून टाकतो, स्किमर तेच करतो. बारीक बुडबुड्यांना प्रथिनं आणि तेलकट कचरा चिकटतो, फेस कपात चढतो आणि घाण कुजायच्या आधीच बाहेर पडते. दगड आणि स्किमर, बाकी फारसं काही नाही, ही पद्धत बर्लिनच्या हौशी लोकांनी रूढ केली, म्हणून तिचं नावच बर्लिन पद्धत. स्किमर ज्या कप्प्यात बसेल तिथली पातळी काचेच्या आडव्या पडद्याने स्थिर ठेवा, ती खालीवर झाली की फेस बिघडतो. आणि गोड्या पाण्यात टेस्ट घेऊन "फेस येत नाही, पीस खराब आहे" म्हणून दुकानदाराशी भांडू नका. गोड्या पाण्यात तो येतच नाही.

रिफ्युजियम, रिअ‍ॅक्टर सध्या विसरा.

वाटीतला_समुद्र (कोथरूड, पुणे)

काकांचं गणित मान्य, पण एवढ्या पाइपांची गरज आहे का, असं मला राहून राहून वाटतं.

माझी टाकी ४५ लिटरची, चौथं वर्ष चालू आहे. सम्प नाही, स्किमर नाही. मागे काचेला टांगायचा साधा हँग-ऑन फिल्टर, त्यात नुसता फ्लॉस (गाळणीचा कापूस). फ्लॉस बुधवारी आणि रविवारी बदलायचा म्हणजे बदलायचा. तो राहिला की अडकलेलं खाणं त्यातच कुजतं आणि मग कॅनिस्टरमध्ये नि त्यात फरक काय? दर रविवारी सकाळी पाच लिटर पाणी काढते आणि तेवढंच नवं खारं पाणी घालते. शनिवारी रात्री बादलीत मीठ कालवून छोटा पंप लावून ठेवते. मीठ पाण्यात घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. नाहीतर कॅल्शियम खाली पांढरं बसतं आणि पाणी दुधासारखं होतं. लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम, मग रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजायचं यंत्र) ३५ पीपीटी, म्हणजे हजारात ३५ भाग, बघून घ्यायचं.

माझ्याकडे एकच क्लाउन आहे आणि तो चिमूटभर खातो. ओली_चप्पल दोन मासे ठेवणार आहेत आणि नवीन माणूस हमखास जास्त खायला घालतो (मीही घातलंय). त्यामुळे स्किमरला माझा विरोध नाही. पण सम्पसाठी टाकीच्या काचेला भोक पाडायची हिंमत होत नसेल तर टांगायचा फिल्टर, टांगायचा छोटा स्किमर आणि आठवड्याला सहा-सात लिटर पाणी बदलणं, एवढ्यावरही दोन मासे नीट जगतात. जे उपकरण वेळेवर साफ होतं तेच चांगलं, असं माझं मत.

आणखी एक. फिल्टर म्हणजे प्रवाह नव्हे. टाकीच्या आत वेव्हमेकर (पाणी ढवळणारा छोटा पंप) वेगळा लागतो, तासाला एकूण पाण्याच्या वीसेक पट तरी. दगडामागे घाण बसू द्यायची नाही. पुण्यात डिसेंबरमध्ये माझ्या खोलीत रात्री १८ होतं, ५० वॅटचा हीटर लागतो. डोंबिवलीत तुमचं दुखणं उलटं असणार.

ओली_चप्पल

ताई, काका, दोघांचे आभार. काकांचा हिशोब बायकोला वाचून दाखवला. "पीओपी गेलं" या वाक्यानंतर सम्पला परवानगी मिळाली. तिला वाटतं सम्प म्हणजे पाणी सांडू नये म्हणून ठेवलेली परात.

तीन शंका:

१. टाकीतून पाणी खाली न्यायला भोक एक की दोन? हार्डवेअरवाला भोकात बसवायला पितळी टाकी निपल देतोय, मजबूत आहे म्हणतो.

२. आरओचं ४२ टीडीएस चालेल का?

३. मे महिन्यात हॉल ३३ वर जातो. पंखा की चिलर?

आणि एक मित्र रत्नागिरीला जाऊन येऊन असतो. कॅनमधून समुद्राचं पाणी आणि चार दगड आणले तर मीठ नि दगड दोन्हींचा खर्च वाचेल ना?

दांडीवरून (मालवण)

शेवटच्या प्रश्नासाठी लॉगिन केलं.

दगड आणू नका. बोटीवर काम करतो, रोज पर्यटकांना हेच सांगतो. दगडावर हमखास प्रवाळ असतं आणि सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला पांढरा तुकडा खिशात घातला तरी गुन्हाच. आमच्याकडे तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तुमच्या यादीतला हॅमर कोरलही कठीण प्रवाळच, तेव्हा तो यादीतून काढा. दुकानात कोणी "इंडियन लाइव्ह रॉक" म्हणून ओला दगड देत असेल तर तो कुठून आला हे कळायला फार हुशारी लागत नाही. कोरडा, कारखान्यात बनवलेला सिरॅमिक दगड घ्या. जिवाणू काय, सवडीने येतात.

पाण्याचं म्हणाल तर मी स्वतः समुद्राचंच वापरतो, पण मी बोटीने आत जातो. फेब्रुवारी ते एप्रिल, भरतीचं, जेटीपासून लांबचं. जेटीजवळच्या पाण्यात डिझेल असतं, डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळतं. पावसात नद्यांचं पाणी आणि गाळ येतो, एका जुलैत माझ्या रिफ्रॅक्टोमीटरवर २६ दिसलं होतं. आणि कॅनमध्ये भरलेलं पाणी नुसतं पाणी नसतं. आमच्याकडे म्हणतात, पाण्याक जीव असता. प्रवासात आतले बारीक जीव मरतात, डोंबिवलीला पोचेपर्यंत अमोनिया तयार. एवढं करून गाडीच्या पेट्रोलात मिठाची बादली येते.

निवृत्त_फिटर

मालवणकरांनी बरं झालं लिहिलं, नाहीतर मला लिहावं लागलं असतं आणि माझी भाषा एवढी सौम्य नाही.

कोथरूडच्या ताईंशी भांडण नाही. त्यांचा फ्लॉस बुधवारी बदलला जातो, माझा जात नाही, म्हणून मला स्किमर लागतो. माणूस बघून फिल्टर लावावा.

भोकं दोन पाडा. टाकी रिकामी आहे तोवरच, डायमंड होल सॉने, पाणी ओतत ओतत, मशीनवर जोर न देता. काचवाल्याकडूनच करून घ्या, फुटली तर त्याची जबाबदारी आधी बोलून ठेवा. एका भोकाला पूर्ण भरून वाहणारा पाइप आणि त्यावर प्लास्टिकचा गेट व्हॉल्व्ह. बॉल व्हॉल्व्ह नको, त्याने बारीक अ‍ॅडजस्टमेंट होत नाही. पाइपात हवा राहिली नाही की गुळगुळ आवाजही राहत नाही, वहिनींची पहिली अट इथे सुटते. दुसरं भोक थोडं उंच, त्यावर व्हॉल्व्ह नाही, एरवी कोरडंच. पहिलं तुंबलं तर सगळं पाणी त्यातून जाईल. ते तोंड कधीही, कशानेही झाकू नका.

पितळ अजिबात नको. पितळात तांबं असतं. माशाला जमेल एकवेळ, पण कोरल, कोळंबी, गोगलगाय यांना तांबं म्हणजे विष. यूपीव्हीसीचं टाकी निपल घ्या, रबरी वायसर आतल्या बाजूने. दुरुस्ती करावी लागेल असं गृहीत धरून पंपाजवळ एक युनियन (हाताने उघडणारा जोड) टाका, म्हणजे करवत काढावी लागणार नाही.

आरओच्या मशीनला टीडीएस अ‍ॅडजस्टर असतो, चव यावी म्हणून तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. तुमचे ४२ तिथून आले असतील. मेंब्रेनमधून निघणारी लाइन त्याच्या आधीच टी टाकून घ्या आणि पुढे एक डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषणारं) कार्ट्रिज लावा. मीटरवर शून्य यायला पाहिजे. शून्य कशाला? पाण्यातले सिलिकेट आणि फॉस्फेट टाकीत आले की तपकिरी नि हिरवं शेवाळं वर्षभर पुसत बसाल.

मे महिन्यात आधी पंखा. पृष्ठभागावर वारा मारला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पाणी मात्र रोज दीड-दोन लिटर उडतं. उडतं ते गोडं पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची. फ्लोटवाला ऑटो टॉप-अप लावा, पण डबा पाच लिटरचाच. फ्लोट अडकून सगळा डबा रिकामा झाला तरी सत्तर लिटरमध्ये ३५ चं साडेबत्तीसच होईल. वीस लिटरचा डबा ठेवणारे मी पाहिलेत, त्यांच्या टाक्याही पाहिल्यात. पावसाळ्यात हवाच ओली, पंखा फारसं काम करत नाही, पण तेव्हा खोलीही थंड असते. पहिला मे निभावला नाही तर मग चिलर.

इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर घ्या, तोही डीसी. शुक्रवारी माशांना लागतो तो ऑक्सिजन, फिल्टर चार तास थांबला तर दगडाला काही होत नाही. बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवाच. आणि प्रत्येक वायर आधी खाली लोंबून मग प्लगकडे चढली पाहिजे, म्हणजे ओघळ प्लगमध्ये न जाता खाली टपकतो.

मीठ घालायच्या आधी नळाच्या पाण्याने पूर्ण टाकी भरा, चालू करा आणि मेन स्विच बंद करा. पंधरा वेळा करा. फरशीवर वर्तमानपत्र पसरून.

ओली_चप्पल

साडेतीन महिन्यांनी येतोय, माफी असावी.

सम्प बसला. काचवाल्याने दोन्ही भोकं न फोडता पाडली, मी मात्र बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन थांबलो होतो. नळाच्या पाण्यावर स्विच बंद करायची परीक्षा घेतली. हिशोब सव्वासहाचा, खाली आले सात लिटर, पेटीतलं पाणी मी कमी धरलं होतं. सम्पमध्ये तरी चार सेंमी शिल्लक. पंप तासाला १००० लिटरचा म्हणून घेतला. वर चढून किती येतं ते बादली आणि मोबाइल घेऊन मोजलं: दहा लिटरला नव्वद सेकंद, म्हणजे ४००. खोक्यावरचे आकडे खोक्यापुरतेच. आपल्याला तेवढेच हवे होते, म्हणून राहू दिलं.

सायकल करायला, म्हणजे दगडात जिवाणू वसवायला, सोललेली कोळंबी नायलॉनच्या मोज्यात बांधून टाकली. दुसऱ्या अटीचा भंग झाला, पाचव्या दिवशी मोजा बाहेर काढायला लागला. तोवर अमोनिया टेस्टची बाटली गडद हिरवी झालेलीच होती. सव्विसाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट आणखी आठ दिवसांनी. मधल्या काळात सगळ्या पांढऱ्या दगडांवर तपकिरी पावडर चढली, डायटम. घाबरून ताईंना मेसेज केला. त्यांनी "हात लावू नका" एवढंच लिहिलं, आणि तीन आठवड्यांत ती आपोआप गेली. सातव्या आठवड्यात दोन क्लाउन, नंतर झोअँथिड आणि मशरूम. हॅमर यादीतून काढला. नायट्रेट सध्या ५ ते १०. स्किमरने पहिले दहा दिवस नुसतं पाणी ओकलं, मग एका सकाळी कपात काळ्या चहासारखा रस दिसला. बायकोला नेऊन दाखवला. ती म्हणाली, हे आधी पाण्यात होतं?

पण गेल्या शुक्रवारी पाच तास लाइट गेली. पाणी खाली आलं, काठाच्या आत राहिलं, एक थेंब बाहेर नाही. लाइट आली आणि तेव्हा घोळ झाला. सम्प भरलेला असताना स्किमर सुरू झाला, पाण्यात जास्त बुडाल्यामुळे फेस भसकन वर आला आणि कपातली आठ दिवसांची घाण परत सम्पमध्ये. दगड ठीक, मासे ठीक, पाणी दोन दिवस गढूळ. काका, यावर काय?

निवृत्त_फिटर

तुमचे सात लिटर वर जायला ४०० च्या हिशोबाने एक मिनिट आणि काही सेकंद लागतात. म्हणजे स्किमर पंपानंतर दोन-तीन मिनिटं उशिरा सुरू झाला की झालं. फ्रिजच्या स्टॅबिलायझरला असतो ना टाइम डिले, लाइट आली तरी तीन मिनिटं तो पुढे करंट देत नाही, तसला. जुना, पण चालू स्टॅबिलायझर घरात पडला असेल तर स्किमरचा प्लग त्यात घाला, फक्त तो कॅबिनेटच्या बाहेर, भिंतीवर उंच लावा. माझ्याकडे नऊ वर्षं तसाच आहे. आणि कप आठ दिवस भरू देऊ नका, तिसऱ्या दिवशी ओता.